खौलाबाईंची फुंकर

लढाई संपली होती, तरी मोसुलच्या आमच्या शाळेत नुसतं दार आपटलं की अर्ध्या पोरी बाकाखाली शिरायच्या. शेजारच्या वर्गातल्या खौलाबाई मग धडा थांबवायच्या. "हातात गरम कॉफीचा पेला आहे असं समजा. नाकाने वास घ्या. आता हळूच फुंकर घाला." थोड्या वेळात वर्ग ताळ्यावर यायचा. इकडे माझ्या वर्गावर ओरडून ओरडून माझा घसा बसलेला असायचा.

एके दिवशी रफल नावाच्या नव्या मुलीने वास घेण्याआधीच विचारलं, "बाई, कोण गेलं?"

तिच्या घरी कॉफी उकळायची ती फक्त सांत्वनाला आलेल्यांसाठी, बिनसाखरेची. गेल्या काही वर्षांत ती फार वेळा उकळली होती. खौलाबाईंचा जन्म याच शहरात गेला, तरी हे त्यांना सुचू नये? प्रशिक्षण द्यायला आलेल्या पाहुण्यांनी कॉफी सांगितली, बाईंनी तसंच उचललं. "अहो, चहा करा ना त्याचा!" मी चिडून म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या काल्पनिक पेल्यात चहा आला.

या हिवाळ्यात जुन्या शहरातल्या ढिगाऱ्याखाली खौलाबाईंच्या लढाईत बेपत्ता झालेल्या नवऱ्याची हाडं सापडली. आम्ही सगळ्या त्यांच्या घरी गेलो. बाईंच्या हातात कडू कॉफीचा पेला होता आणि श्वास छातीतच अडकला होता. बायका पाठ चोळत होत्या, "रडून घे गं, बाई."

रफल आईचा हात सोडून पुढे आली आणि बाईंसमोर बसली.

"बाई, आज चहा नाहीये, कॉफीच आहे," ती म्हणाली. "वास घ्या. आता फुंका."