मातापित्यांची अनुमती

चंदनाच्या ओल्या लेपाचा वास आला की अजूनही माझे हात गार पडतात. या तमिळ शहरात तो वास कुठेही गाठतो. तिरुपतीहून परतलेली कुटुंबं बसमध्ये चढतात, बापापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांची डोकी तुळतुळीत, चंदनाने पिवळसर, थंड. आणि बसमधली हवा क्षणभर गाभाऱ्यासारखी होते. ते केस नवसाचे. ते पुन्हा वाढतात, माणसं पुन्हा कामाला लागतात.

त्या रविवारी माझा मुलगा गिंडीच्या एका सलूनमधून घरी आला, तेव्हा त्याच्या डोक्याला चंदन नव्हतं. साबणाचा आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या कातडीचा वास तेवढा होता. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मामींनी त्याला अडवलं.

"मोट्टै!" त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे बघत त्या तमिळमध्ये खिदळल्या. "गुपचूप तिरुपतीला जाऊन आलास होय रे? आमचा लाडू कुठे?"

तो हसला, आत आला आणि चपला जोडीने ठेवत म्हणाला, "आई, मला भिक्षू व्हायचंय. विहारातल्या भन्तेंनी तुम्हा दोघांना बोलावलंय. तुमच्या परवानगीशिवाय ते दीक्षा देत नाहीत."

त्याचे बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेले. बिघाड दिसला की दुरुस्ती सुचवायची त्यांना सवय. तो आंघोळीला गेल्यावर ते हळूच म्हणाले, "लग्न लावून देऊ. आपोआप उतरेल."

"तो उपाय कपिलवस्तूतही करून झाला होता," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. मीही नाही.

घर सोडून निघालेल्या त्या राजपुत्राची कथा मी वर्गात, मराठी मंडळात कितीदा तरी सांगितली होती, आणि दर वेळी मी घोड्याबरोबर वेशीबाहेर पडले होते. झोपलेल्या महालाकडे वळून पाहणं मला कधी सुचलंच नाही. आता मी महालात होते.

म्हणून मागे राहिलेल्यांच्या बाजूने मी ती कथा पुन्हा वाचू लागले. बोधी प्राप्त करून बुद्ध आपल्या गावी आला, तेव्हा मागे टाकलेल्या पत्नीने लेकाला पुढे केलं: जा, बापाकडे आपला वारसा माग. वारसा म्हणून त्या लहानग्याला भिक्षूचं चीवर मिळालं. मुलगा आधीच गेलेला, आता नातूही गेला. तेव्हा म्हाताऱ्या राजाने एकच मागणं मागितलं की यापुढे आईबापांच्या अनुमतीवाचून कुणाच्याही लेकराला संघात घेऊ नये. बुद्धाने ते मान्य केलं. संघाच्या कोवळ्या दिवसांतला हा नियम एका भ्यालेल्या म्हाताऱ्याने करवून घेतलेला, आणि तो अजून पाळला जात होता. माझ्या एका नकारापाशी अख्खा संघ थांबणार होता.

मला हायसं वाटायला हवं होतं.

जुन्या कथांत परवानगीसाठी अन्न सोडणारी मुलं आहेत. हा वाढलेलं सगळं जेवत असे. सकाळी कंपनीच्या बसने शोळिंगनल्लूरला जाई, संध्याकाळी परत येई. "तू नाही म्हणालीस तर राहीन मी, आई. चिडणार नाही," तो म्हणाला होता, आणि खरोखरच चिडला नाही. पण घरातून त्याचा आवाज ओसरत गेला. नळाखाली गुणगुणणं थांबलं, फोनवरचं हसू थांबलं. मी हाक मारली की तो 'ओ' देई, आणि त्या 'ओ'मागे कुणी नसे. मुलगा निघून जाण्याची भीती मला ओळखीची होती. तो असा घरात राहील, वर्षानुवर्षं राहील, ही भीती नवी होती, आणि तिच्यापुढे पहिली फिकी पडली.

विहाराची फरशी उन्हाने तापत चालली होती. कृश, वृद्ध भन्तेंनी तमिळमध्ये विचारलं, "आपली अनुमती आहे?"

त्याच्या बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"शब्दांत सांगावं लागतं," भन्ते मृदूपणे म्हणाले.

त्यांना बोलवेना. भन्तेंची नजर माझ्याकडे वळली. बाहेर रस्त्यावर भोंगे वाजत होते.

"आहे," मी म्हणाले. "दोघांची."

दीक्षा झाली. भिक्षूंनी माध्यान्हीनंतर जेवायचं नसतं, म्हणून त्याआधीच दान वाढायचं होतं. घरून आणलेल्या दहीभाताचा डबा घेऊन मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एक सिंहली म्हातारी होती. तिने पात्रात भात घातला, आणि काषाय वस्त्रातल्या माझ्या मुलाने, भिक्षू कोणत्याही गृहस्थ बाईला म्हणतात तसं तिला म्हटलं, "उपासिके."

मग मी त्याच्यासमोर आले. तो मला काय म्हणेल, याखेरीज मनात काहीच उरलं नव्हतं. मी भात घातला. त्याने डोळे उचलले. नजर तीच होती, ताप उतरल्यावर पहाटे माझ्याकडे पाहायचा तशी. ओठ उघडले, क्षणभर थांबले, आणि तो म्हणाला,

"उपासिके."