पाट बांधला, माणूस राहिला

जयवंत परब गणपती वाहायचा. वर्षाचे बाकीचे महिने कपाटं, पलंग, पत्रे, मिळेल ते. पण गणपती जवळ आले की भांडुपपासून मुलुंडपर्यंतच्या मंडळांना त्याचाच मेटाडोर लागायचा. गिरणीच्या संपात नोकरी बुडाली तेव्हा त्यानं स्टिअरिंग धरलं, आणि चार वर्षांत त्याच्या गाडीत एकाही मूर्तीचं बोट मोडलं नव्हतं. ह्याचा त्याला भारी गर्व होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही.

शेजारच्या काशीरामची लेक रत्नप्रभा सतरा वर्षांची. पोलिओनं दोन्ही पायांतलं बळ गेलेलं, डोकं मात्र तल्लख. आदल्या मार्चात दहावीच्या पहिल्याच पेपराला जाताना रिक्षा जोरात वळली, पोरगी बाहेर फेकली गेली, उजवा हात मोडला आणि वर्ष फुकट गेलं. तेव्हापासून काशीरामचं एकच पालुपद: "शिकली तितक्या पुरे. पोर जिती ऱ्हवांदे." यंदा परीक्षा आठ दिवसांवर आली तरी बाप ऐकेना आणि पोरगी धड जेवेना.

शेवटी जयवंत मध्ये पडला. "काशीराम, माझ्या गाडीतसून न्हेतंय तिका. चाकाच्या खुर्चीसकट. गणपती न्हेतंय तशी."

"गणपती फुटलो तर दुसरो आणूक येता रे. आधी दाखव."

रविवारी जयवंतानं दाखवलं. मूर्ती चढवायच्या दोन फळ्या लावून त्यानं चाकाची खुर्ची वर घेतली, चाकांखाली लाकडी गुटके ठोकले, चारी बाजूंनी काथ्याचे दोर आवळले. खुर्ची हलायचं नाव घेईना. रत्नप्रभा चहावाल्याच्या बाकड्यावर बसून सगळं बघत होती.

"काका, आता तुम्ही बसा त्यात."

"मी?"

"मग काय, पहिली मी बसू?"

गॅरेजवाला शिवदास चालवायला बसला. पहिल्याच स्पीडब्रेकरला त्यानं कचकन ब्रेक मारला. खुर्ची तसूभर हलली नाही. खुर्चीतला जयवंत मात्र उडाला आणि केबिनच्या पत्र्यावर आपटला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ! काशीराम तडक घराकडे निघाला.

रत्नप्रभानं विचारलं, "काका, गणपतीला दोर कुठे बांधता?"

"पाटाक. देवाच्या अंगार दोरी टाकूची नसता."

"मूर्ती पाटाला चिकटलेली असते ना! मी खुर्चीला चिकटलेली नाही."

जयवंत टेंगूळ चोळत खदाखदा हसला. एवढा मोठा तज्ज्ञ, आणि माणूस बांधायचाच विसरला होता!

मग दोघांनी कंबर कसली. गिरणीतल्या जुन्या दोस्ताकडून यंत्राचा रुंद पट्टा आला. जयवंताच्या बायकोनं, मालननं, त्याला आतून गोधडीचे तुकडे शिवले. एक पट्टा मांडीवरून, एक छातीवरून. खुर्चीची पाठ केबिनला टेकवायची, म्हणजे ब्रेक लागला तरी अंग पाठीलाच दाबलं जाईल, हे रत्नप्रभाचं डोकं. जयवंत मुलुंडच्या परीक्षेच्या शाळेपर्यंत चालत गेला, खड्डे नि स्पीडब्रेकर लिहून आणले, तिथल्या वॉचमनकडून मोठं गेट उघडायचं कबूल करून घेतलं. आणि स्वतः पट्टा लावून खुर्चीत बसून तीनदा ब्रेक मारून घेतले. दुसरं टेंगूळ आलं नाही. हे काशीरामनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

पेपराच्या दिवशी मात्र तो हट्टाला पेटला: "मी गाडीत मागे तिच्यासमोर उभो ऱ्हवतलंय. वेळ इली तर धरूक."

मुलुंड जवळ आलं आणि आडव्या गल्लीतून एक हातगाडी भसकन रस्त्यात आली. जयवंतानं सगळा जोर ब्रेकवर टाकला. खुर्ची जागच्या जागी. काशीराम मात्र तोल जाऊन थेट लेकीच्या अंगावर कोसळला, आणि तिनं त्याला सदऱ्याला धरून सावरलं. गेल्या वर्षी मोडलेल्या त्याच हातानं.

"बाबा, लागलं का?"

काशीराम खाली तिच्या पायांशी बसला आणि उरलेली वाट खुर्चीचा दांडा धरून तसाच आला.

अकराच्या पेपराला पाऊण तास बाकी असताना मेटाडोर शाळेसमोर थांबला. जयवंत फळ्या लावायला धावला. त्याच्या आधी काशीरामनं उडी मारली आणि बंद गेटावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"ओ वॉचमन! मोठं गेट उघडा! माझी पोरगी पेपराला आलीय!"