दोन भाऊ, एक नाव

स्पेलिंग चुकलं तं माफ करा. एका बोटानं टाइप करून राहिली, वेळ लागते.

ज्या नामदेवची अंत्ययात्रा आज चार वाजता हाये, तो नामदेव आमच्या व्हरांड्यात चाय पिऊन राहिला.

सकाळी माहे आबा गेले. सेक्टरमधी सारे त्याईले नामदेव म्हणत.
खरं नाव श्रावण.

नामदेव म्हणजे त्याईचे मोठे भाऊ, आमचे मोठे आबा.
स्टील प्लांट बनून राहिला होता तवा भंडाऱ्याकडून तेच पहिले आले. भट्टीच्या गँगमधी लागले. मंग टायफाइड झाला, गावी गेले.

ठेकेदाराकडं असं चाले, घरचा दुसरा माणूस उभा केला तं जागा राहे. हजेरी मात्र पहिल्याच्याच नावानं.
म्हणून आबा आले. मुकादमानं "नामदेव" म्हटलं का हात वर करत.
मोठे आबा वापस लागलेच नाही. मंग आबाची पक्की नोकरी, गेटपास, पेन्शन, सारं त्याच नावावर.

नववीत मी स्कूल सोडली. तवापासून आबाच मले इंग्लिश शिकवत. प्लांटवरच्या रशियन साहेबाच्या दुभाष्याकडून शिकलेलं.

"सब्स्टिट्यूट केला तं पहिला वापस येते. रिप्लेस केला तं नाही येत. एक्स्चेंजमधी दोघंही काही देतात."

मंग तुमी कोणते, मी विचारलं.

"तेच तं समजत नाही बेटा."

आज पप्पा म्हणाले, सेक्टरच्या ग्रुपवर पोस्ट टाक, प्लांटवाल्याईले समजलं पाहिजे.
श्रावण लिहू तं कोणी ओळखणार नाही.
नामदेव लिहू तं ते समोरच बसले. जित्त्या माणसाले श्रद्धांजली कशी देऊ?

मले कोणाशी बोलाची लाज वाटते. तरी जवळ जाऊन हळूच विचारलं.

मोठ्या आबानं चायचा कप खाली ठेवला.

"मी बरा होऊन आलो होतो इथं. श्रावण म्हणे, दादा, तुही जागा घे, मी गावी जातो. मी म्हटलं, अजून ताप येते."

मंग?

"ताप नव्हता पोरी. मले त्या भट्टीचं भेव वाटे."

आबाले सांगतलं होतं का?

"नाही. तू नामदेवच लिही."

आबा असते तं विचारलं असतं, याले कोणता शब्द लागते.

नामदेव, म्हणजे माहे श्रावण आबा, तुमाले शेवटचा जयभीम.

आत्ता नळ आले, गल्लीवाले पाणी भरून घ्या.