गाडी द्यायची आहे

“फुकट? फुकट कशी असेल? ‘द्यायची आहे’ म्हटलं म्हणजे काय फुकट द्यायची असते?” खालून काकांचा आवाज आला आणि मी जिन्यातच थांबले. फोन ठेवून ते काकूंना सांगत होते, की सकाळपासून हा सहावा माणूस, आणि प्रत्येकाला गाडी आजच्या आज फुकट घेऊन जायची आहे.

बेस्ट नावाच्या गावातल्या ज्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते, त्या घरच्या काकांइतका गाडी विकायला नालायक माणूस सबंध नेदरलँड्समध्ये सापडणार नाही. पण त्या दिवशीची चूक त्यांची नव्हती, माझी होती. ‘विकणे’ हा शब्द काकांच्या तोंडून निघत नव्हता. जाहिरात त्यांनी मला मराठीत सांगितली : “जपानहून आणलेली, थोडेसे बदल केलेली, सुस्वभावी स्पोर्ट्स कार चांगल्या घरी द्यायची आहे.” किमतीचं काय, तर ते समोरासमोर बोलू. मी पडले इंग्रजी शाळेतली. द्यायची म्हणजे द्यायचीच, असं समजून मी त्याचं सरळ डच करून टाकलं. मांजराची पिल्लं देऊन टाकताना इथले लोक नेमकं असंच लिहितात, हे मला नंतर कळलं. एका बाईंनी तर ‘आमच्याकडे मोठी बाग आहे, आधीची दोघंही सुखात आहेत’ असं कळवलं होतं. “अहो, हे डच लिहिलं तरी कोणी?” काकूंनी विचारलं. “मीच,” काका म्हणाले, “दुसरं कोण लिहिणार?”

काका चिप बनवणारी यंत्रं जुळवण्यात तीस वर्षं घालवून निवृत्त झाले होते, आणि आयुष्यात त्यांनी केलेली एकमेव उधळपट्टी म्हणजे ती पांढरी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी. तिचं स्टिअरिंग उजवीकडे होतं. “आपल्या बाजूची आहे,” काका अभिमानाने सांगत. ‘थोडेसे बदल’ म्हणजे सायलेन्सर बदललेला, स्प्रिंगा आखूड केलेल्या, आणि डॅशबोर्डवर तिळाएवढ्या डोळ्यांचा एक गणपती चिकटवलेला. गाडी सुरू केली की आतल्या नकाशायंत्रातली जपानी बाई गोड आवाजात काहीतरी सांगायची, आणि काका न चुकता “हो बाई, निघालो” असं उत्तर द्यायचे. नकाशात जपानखेरीज दुसरा देशच नव्हता, त्यामुळे पडद्यावर आमची गाडी कायम निळ्याशार समुद्रातून चाललेली असे. दर शनिवारी काकूंच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने ते तिला पुसत. साडी सुतीच हवी. एकदा मी सुपरमार्केटमधून खास गाडीसाठीचं फडकं आणून दिलं, तर त्यांनी ते आदराने घडी करून कपाटात ठेवलं, आणि अजून ते तिथेच आहे.

गाडीत माझी जागा डावीकडे, म्हणजे इथे जिथे चालक बसतो तिथे. पार्किंगचं तिकीट यंत्रातून मी ओढायचं, आणि पुढचा ट्रक ओलांडायचा झाला, की समोर रस्ता मोकळा आहे का, हेही मीच बघून सांगायचं. “मोठ्याने बोल गं, इंजिनाला ऐकू जाईल एवढं!” काका म्हणायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा आवाज समोरच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही, पण त्या गाडीत मी कित्येकदा ओरडले आहे.

गाडी का द्यायची होती, हे फक्त मला माहीत होतं. आइंडहोवनला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनी काकूंऐवजी मला नेलं. “तू बोलत नाहीस, म्हणून तुला आणलं,” असं तोंडावर सांगून. डाव्या बाजूची नजर बरीच गेली आहे, गाडी चालवणं आता थांबवा, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या बसमध्ये काका म्हणाले, “हिला सांगू नकोस हं. गाडी गेली, की मी सांगेन.”

पण गाडी जाणार कशी? जाहिरात दुरुस्त झाल्यावर खरी गिऱ्हाइकं यायला लागली. काका त्यांना ‘स्थळं’ म्हणत. रॉटरडॅमच्या स्थळाने दार आपटलं, म्हणून नकार. दुसऱ्याने बसल्याबसल्या ॲक्सिलरेटर दाबला. “थंड इंजिनावर! याच्या घरात थोरामोठ्यांना काय वागणूक मिळत असेल?” तिसरा फार चांगला होता, पण त्याला काकांनी गाडीचे बारीकसारीक चौदा दोष इतक्या प्रामाणिकपणे सांगितले, की तो घाबरून चहा न पिताच गेला. वर, गाडी का देताय, या प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर. एकाला कंबर दुखते म्हणून, एकाला विजेवरची घ्यायचीय म्हणून, एकाला आम्ही पुण्याला परत जातोय म्हणून. हे शेवटचं काकूंनी ऐकलं, आणि आठवडाभर त्या कपाटं उघडून काय न्यायचं, काय वाटून टाकायचं, याचा विचार करत उभ्या राहायच्या. आणि तोवर काका ‘इंजिन जाम होऊ नये’ म्हणून गाडी काढतच राहिले, आणि मी गप्प राहून शेजारी बसत राहिले.

आज त्या गाडीच्या जागेवर काकूंची सायकल असते. काका बसने फिरतात, आणि एखादा बसचालक गिअर नीट टाकत नसेल, तर उतरताना त्याला तसं सांगतात. शनिवारी सकाळी मात्र ते अजूनही एकदा दार उघडून बाहेर बघतात, हवा बघितल्यासारखं करतात, आणि आत येतात.

गाडी बघायला लायडस्खेनडाम-फोरबर्ग गावाहून एक बाई आल्या, तो दिवस मला लख्ख आठवतो. पन्नाशीच्या, ट्राम चालवणाऱ्या. त्यांनी कशाला हात लावला नाही. डोळे मिटून इंजिन ऐकलं, मग जपानी बाई बोलली तेव्हा हसल्या. काकांना नाव ठेवायला जागाच सापडेना. मग बाईंनी विचारलं, “इतकी जपलीय, मग देताय का?”

“बायकोला आवडत नाही,” काका म्हणाले.

चहाचा ट्रे घेऊन काकू दारातच उभ्या होत्या. त्यांना डच काकांपेक्षा चांगलं येतं. “मला? मी असं कधी म्हटलं हो?”

बाईंनी एकदा काकूंकडे, एकदा काकांकडे पाहिलं. गाडीला अपघात झालाय का, असं त्यांनी शांतपणे विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जाकिटाची चेन वर ओढायला सुरुवात केली. काका माझ्याकडे बघत होते. मला त्यांनी एकदा वाचवलं होतं, आणि आता मी त्यांना वाचवीन, असं त्यांना वाटत असावं.

“गाडीत काही दोष नाही,” मी बाईंना डचमध्ये म्हणाले. आणि काकूंकडे वळून मराठीत : “काकू, काकांना डावीकडचं दिसत नाही. काल वळणावर सायकलवर एक आजी होत्या. काकांना त्या दिसल्याच नाहीत. मला दिसल्या.”