हिल्सबरोहून बोलतोय

माझ्या मित्राच्या सासऱ्यांइतका सभ्य माणूस न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांवर दुसरा नसेल, आणि त्यांच्या या सभ्यपणाचा मला जितका संताप आला आहे, तितका कुठल्या लबाड पुढाऱ्याचाही आलेला नाही. रस्ता ओलांडताना गाडीवाला थांबला तर ते त्याला हात जोडतात. बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' इथे सगळेच म्हणतात; हे त्याच्या घरच्यांची चौकशीही करतात आणि मागे रांग ताटकळते. कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलेलं दूध नासलेलं निघालं, तर परत द्यायला त्यांना संकोच वाटतो. त्याचं पनीर करून अर्धं त्या दुकानदारालाच नेऊन देतात. असा माणूस राजकीय प्रचारात उतरला तर काय होईल? तेच झालं. आम्ही हरलो.

निवडणूक आमची नव्हतीच, अमेरिकेची होती. तिथे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला आधी पक्षातल्या पक्षात मतदान होतं. एकेक राज्य करत, महिनोन्‌महिने. आमच्या बाई त्यात उभ्या होत्या. आजाऱ्याचा खर्च सरकारने करावा, नोकरी गेली म्हणून कुणाचं औषध बंद पडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मित्राच्या सासऱ्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्या मुलीला अगदी लहानपणापासून मधुमेह. रोजची इंजेक्शनं, आणि त्यांचा विमा बापाच्या नोकरीला बांधलेला. म्हणून तो नोकरी बदलत नाही, रजा मागत नाही, साहेबापुढे मान वर करत नाही. ऑकलंडला आईबापांना भेटायला तो आजवर एकदाही आलेला नाही. फोन केला तर दोन मिनिटांत "बाबा, मीटिंग आहे" म्हणतो. पोरीच्या औषधासाठी बापाला जिथे असं वेठीला धरतात, त्या देशाला पुढारलेला म्हणणाऱ्यांची मला चीड येते. आमच्या बाई आल्या असत्या तर हा दोर तुटला असता. आम्हाला तिथे मत नाही, देणगी देता येत नाही. पण फुकट राबायला परदेशी माणसाला मनाई नाही. म्हणून आम्ही राबलो.

दर रविवारी मी ऑकलंडच्या एका टोकाच्या अल्बनीहून दोन बस बदलून शहरातल्याच हिल्सबरोला नितीनच्या घरी जायचो. नितीन म्हणजे माझा मित्र, त्यांचा जावई; सासरे आणि सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, त्याच्याकडेच राहतात. गॅरेजमध्ये गाडीच्या जागी टेबल, त्यावर लॅपटॉप. पलीकडे शनिवारची संध्याकाळ असायची. प्रचाराचं यंत्र आपोआप एकेका मतदाराला फोन लावायचं आणि आम्ही बोलायचो. माझे पाच फोन उरकले तरी सासऱ्यांचा पहिलाच सुरू असायचा. सुरुवातच मुळी "मी हिल्सबरोहून बोलतोय" अशी. हिल्सबरो नावाची गावं अमेरिकेतही आहेत, त्यामुळे समोरच्याला वाटायचं, आपलाच कुणी शेजारी. इतका फायदा आयता मिळालेला! पण हे लगेच खुलासा करणार, "नाही बाई, न्यूझीलंडमधलं." मग मेंढ्या, मग हवामान, मग 'तुम्ही जेवलात का'. एकदा एका म्हातारीशी ते इतका वेळ बोलले की काकूंनी दोनदा चहा गरम केला.

"काका, देणार का ती मत?" मी विचारलं.

"छे, ती पक्की विरोधातली आहे. पण तिच्या टोमॅटोला कीड लागलीय रे. कडुनिंबाचं तेल सांगितलं."

"काका, आपण क्रांती करतोय की शेतकी सल्ला केंद्र चालवतोय?"

"टोमॅटो वाचले तर ऐकेल पुढच्या वेळी," ते शांतपणे म्हणाले. नितीन नेहमीप्रमाणे "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीतलं 'झकास', म्हणून मोकळा झाला. तुम्ही त्याला घर जळतंय म्हणून सांगा, तो "स्वीट ॲज" म्हणेल.

गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी एक जास्तीचं घड्याळ लावलं होतं, अमेरिकेची वेळ दाखवणारं. ते त्याच्याबरहुकूमच जगायचे. त्यामुळे त्या घरात प्रत्येक वार दोन दिवस चालायचा. काकू करवादायच्या, "माझा सोमवारचा उपास सुटतो, तेव्हा यांचा सोमवार सुरू होतो. स्वयंपाक कुणाच्या वाराने करू?" इथली नात, नितीनची मुलगी, सांगायची, "आजोबा, इट्स ट्यूसडे!" तर हे म्हणणार, "अजून व्हायचाय, बाळा." बरं, ते घड्याळही आमच्या कामाला निरुपयोगी. अमेरिकेत सगळीकडे एक वेळ नसते. नेवाडात मतदान होतं तेव्हा त्या घड्याळाकडे बघून हे भर दुपारी लोकांना 'गुड ईव्हनिंग' म्हणत होते. मी ओरडलो, "काका, काटे मागे घ्या! तीन तासांचा फरक आहे!" त्यांनी मान डोलावली आणि काटे तसेच ठेवले. पुढे टेक्सास आलं, कॉलोराडो आलं. घड्याळ ढिम्म हललं नाही.

शेवटी शेवटी प्रचाराला जाग आली. प्रतिस्पर्ध्याने औषध कंपन्यांकडून काय घेतलं, कुणासाठी कुठला कायदा अडवला, हे सगळं मतदारांना सांगा म्हणून आम्हाला नवा मजकूर आला. मला तर सणच वाटला. सासऱ्यांनी तो चष्मा पुसून पूर्ण वाचला आणि म्हणाले, "हे मी नाही वाचणार. मी त्या गृहस्थांना ओळखत नाही." पुरावा जगजाहीर असताना! पोरीचं औषध महाग करणाऱ्यांच्या पंगतीला बसणारा माणूस, आणि आम्ही त्याला 'गृहस्थ' म्हणायचं!

मग एका बुधवारी आमच्या बाईंनी माघार घेतली. राज्यं अजून उरली होती, आणि बाई हसत हसत "आता एकजुटीने" वगैरे बोलल्या. त्याच आठवड्यात त्या प्रतिस्पर्ध्याच्या मंचावर जाऊन त्याच्या गळ्यात पडल्या. मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला आणि फोन पलंगावर भिरकावला.

पुढच्या रविवारी फोन नव्हते, तरी सगळे गॅरेजमध्ये जमलो. चुकलं कुणाचं, यावर जुंपली. दक्षिण बेटावरच्या रिकार्टनहून वर्षाताई लॅपटॉपच्या पडद्यावर होती. तीही आमच्यासारखीच तिकडून फोन करायची.

"तुझ्यासारख्यांनीच घालवली," तिने माझ्यावरच तोफ डागली. "ऑनलाइन जो दिसेल त्याला दलाल म्हणायचं! लोक बाईंना नाही, तुम्हाला वैतागले."

"दलालाला दलाल नाही म्हणायचं तर काय भाऊजी म्हणायचं?"

"हीप्स ऑफ मतं तरुणांची होती, आणि तरुण आलेच नाहीत," नितीन म्हणाला. "सिंपल आहे."

"सिंपल नाही!" मी टेबलावर हात आपटला. "आपण मवाळ होतो म्हणून हरलो. बाई मवाळ, त्यांचे सल्लागार मवाळ, आणि हे काका! यांनी टोमॅटो वाचवले! काका, दुसऱ्यांचं सोडा. एका तरी माणसाचं मत तुमच्या हातात होतं ना? मुलाला सांगितलंत का?"

पडद्यावर वर्षाताईने हात तोंडावर नेला.

"नाही," ते म्हणाले.

"का?"

"अरे, दोन मिनिटं असतात माझ्याकडे. त्यात नातीची शुगर विचारायची, सूनबाईचं विचारायचं. प्रचार कधी करू?" ते हेडफोनच्या वायरीची गुंडाळी करत होते, झालेली गुंडाळी सोडून पुन्हा करत होते. "मी आपली वाट बघत होतो. जर्सीचं मतदान अगदी शेवटी, जूनमध्ये असतं. तेव्हा यंत्राने तिथले नंबर दिले असते. त्यात त्याचा आला असता एखादे वेळी. मग तो प्रचाराचा फोन. रीतसर. त्याला काही मीटिंग आहे म्हणता आलं नसतं. अगदी सुरुवातीपासून सगळं सांगितलं असतं त्याला. मी हिल्सबरोहून बोलतोय, इथून."

नितीनलाही 'स्वीट ॲज' सुचलं नाही.

"रागावू नकोस," ते मला म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचाच आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "पण जर्सीपर्यंत तरी थांबायला हवं होतं त्या बाईने! हरायचंच होतं तर सगळीकडे हरायचं! लोकांची पाळी यायच्या आत कसली एकजूट करता?" त्यांनी वायर टेबलावर आपटली आणि लगेच ती उचलून, कुठे तुटली तर नाही, हे बघू लागले.

सबंध प्रचारावर मी आजवर जेवढं लिहिलं, त्यात याहून खरं वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. सकाळची वेळ. गॅरेजमध्ये नितीनची गाडी परत आली होती. आमच्या बाईंचे फलक परसात टोमॅटोच्या रोपांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून खोचले होते. सासऱ्यांनी मला पहिला पिकलेला टोमॅटो दिला, काकू म्हणाल्या, "खा, क्रांतीचं फळ आहे." नितीन शिडीवर चढून गॅरेजची भिंत मोकळी करत होता. घड्याळाला त्याने हात लावला तसे सासरे म्हणाले, "ते राहू दे."

मीही वर पाहिलं. इथे रविवारची सकाळ, तिथे शनिवारचे संध्याकाळचे सहा वाजत आले होते. नेवाडात नाही, टेक्सासमध्येही नाही.

"आता जेवायच्या आधी तिला इंजेक्शन देत असतील," ते म्हणाले, आणि काटा सहावर येईपर्यंत आम्ही दोघे तिथेच उभे राहिलो.