काडीपेटी आली काय?

देवावर विश्वास नसलेली माणसं जगात पुष्कळ असतील. पण वाघावर विश्वास नसलेला माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. केळापूरच्या पलीकडे, जंगलाला अगदी खेटून त्यांचं शेत. वाघ रस्ता ओलांडतो तो यांच्याच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, असं अख्खा तालुका सांगतो. वाघ नाहीच, असं साडभाऊंचंही म्हणणं नव्हतं. वाघ आहे, चांगला धडधाकट आहे. फक्त तुम्ही पाहिला तो वाघ नव्हे, इतकंच ते म्हणत. आणि माणूस काहीही सहन करतो हो, पण आपण पाहिलेल्या वाघाला कोणी वासरू म्हटलेलं त्याला सहन होत नाही.

आमच्याकडे पूर्वी पिकावरची रानडुकरं हाकलायला लोक शेतात माळ्यावर जागत बसायचे. त्याला जागल म्हणतात. आता जागल मोबाईलवर आली आहे. केळापूर आणि झरी जामणीकडच्या जंगलकाठच्या गावांचा आमचा एक ग्रुप आहे, त्याचं नावच ‘जागल’. वाघ, बिबट, अस्वल, जे दिसेल ते तिथे कळवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बाया आणि गुराखी त्या शिवाराकडे फिरकत नाहीत. सुप्रभात नाही, वाढदिवस नाही, राजकारण नाही. मला ॲडमिन केलं ते काही हुशारीमुळे नव्हे. जो कमी बोलतो तो निःपक्षपाती असतो, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. जोडीला ट्रॅक्टर दुरुस्त करणारे पांढरकवड्याचे रफिकभाई होते. आम्ही दोघे गप्प आणि ग्रुप सुरळीत, असं छान चाललं होतं. मग मी हौसेने साडभाऊंना आत घेतलं.

त्यांच्या प्रत्येक संदेशाची सुरुवात ठरलेली: “एक शंका हाय.” कोणी ठशाचा फोटो टाकला की हे विचारणार, बाजूला काडीपेटी ठेवली होती काय? काडीपेटीशिवाय ठसा केवढा हे कळत नाही, हा त्यांचा सिद्धांत. स्वतःच्या खिशात ती कायम असे, आणि बिडी तर त्यांनी कधी ओढली नाही. कोणी आवाज ऐकला म्हटलं की हे विचारणार, जेवणाआधी ऐकला की नंतर? एका गावच्या माजी सरपंचांनी गाडीतून जाताना वाघ पाहिला आणि सविस्तर वर्णन लिहिलं. शेपटी, पट्टे, नजरेतली ती जरब. साडभाऊंनी खाली लिहिलं, “एक शंका हाय. तो पांदणीतला पिवळा गोऱ्हा तर नसंल? त्याचीबी नजर तशीच हाय.” सरपंच तडकाफडकी ग्रुप सोडून गेले आणि निरोप पाठवला: तो माणूस राहील, नाहीतर मी. मी साडभाऊंना काढलं आणि सरपंचांना परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी ‘शेतकरी मित्र’ नावाचा एक नवा सदस्य आला. सगळ्यांनी हात जोडून स्वागत केलं. दुपारी कोणाला तरी बिबट दिसला आणि शेतकरी मित्राला एक शंका आली. काढलं. मग प्रोफाईलवर गुलाबाचं फूल असलेला नंबर आला. तो घरातल्या जुन्या फोनचा. मग गणपती आला. तो त्यांच्या गड्याचा नंबर, आणि त्या बिचाऱ्याला तर वाचताही येत नव्हतं. शेवटी लोकांनीच युक्ती काढली. नवा माणूस आला की गावकुत्र्याच्या पंजाचा फोटो ‘वाघ!’ म्हणून टाकायचा आणि कोण तोंड उघडतो ते पाहायचं. फोटो पडला. ग्रुपवर चिडीचूप. साडभाऊंनी दम धरला, चहा होईपर्यंत धरला, चहा झाल्यावरही थोडा धरला असावा. मग त्यांचं उत्तर आलं: “हा सापळा हाय, हे मले समजते. मले काढा. पण कुत्र्याचाच हाय. नखं पाहा.”

त्या दिवशी मी एकटाच बसून इतका हसलो की बायकोने येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

आता सांगायचं ते सांगून टाकतो. प्रत्येक वेळी त्यांना बाहेर काढणारा मीच होतो, आणि प्रत्येक वेळी आत यायची लिंक पाठवणाराही मीच. माझी मोठी मेव्हणी नातवाला सांभाळायला म्हणून दोन महिन्यांसाठी पुण्याला लेकाकडे गेली, ती तिकडेच रुळली. साडभाऊ शेतातल्या घरात एकटे. सकाळी बैलांशी बोलून झालं की पुढे बोलायला कोण? काढलं की त्यांचा मला फोन यायचा. तक्रार नाही, भांडण नाही. फक्त म्हणायचे, “आज लय सुनसान वाटून राह्यलं, साडभाऊ.” मी फोन ठेवायचो आणि लिंक पाठवायचो.

हे इथवर थांबलं असतं तर गंमतच होती. पण लिंक फुटते कुठून, हा प्रश्न निघाला. साडभाऊंची बैठक रफिकभाईंच्या दुकानात, म्हणून सगळ्यांनी रफिकभाईंवर बोट ठेवलं. मी गप्प बसलो. गप्प बसणं हाच तर माझा लौकिक होता. रफिकभाईंचं ॲडमिनपद मी माझ्याच बोटाने काढून घेतलं. पुढे ट्रॅक्टरच्या निमित्ताने मी दुकानात गेलो, तर त्यांनीच विषय काढला. “लिंक कोठून जाते ते मले माहीत हाय, दादा. राहू द्या. तुमाले नात्यात जेवाले जा लागते. मले काय, लोकाईचे ट्रॅक्टर बिघडनंच हाय.” आणि त्यांनी चहा सांगितला. तो चहा मला अजून उतरलेला नाही.

मग ऐन वेचणीत ती गोष्ट घडली. कोलामपोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या भीमाबाईंनी नाल्याकाठी वाघ पाहिला. त्यांच्या मुलाने ग्रुपवर कळवलं. साडभाऊ तेव्हा कुठल्याशा नव्या नंबरावर होते. त्यांनी शंका काढली: नाल्यात तडस, म्हणजे तरस फिरते, तीच असंल. शेतमालकाला तेच हवं होतं. त्याने बायांना समजावलं आणि दुसऱ्या दिवशी वेचायला नेलं. वाघ तिथेच होता. त्याने चरणारी गाय पाडली. बाया कापसाचे ओटे तसेच पोटाला बांधून धावत सुटल्या, आणि भीमाबाई पडल्या. मनगट मोडलं.

त्यांना दवाखान्यात नेलं साडभाऊंनीच. प्लास्टर होईपर्यंत बाकावर काडीपेटी हातात फिरवत बसून होते. भीमाबाई बाहेर आल्या तेव्हा हे काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, “दादा, तुमाले वाघ दिसला नाई. मले दिसला होता. एवढंच.” त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. रस्त्यातूनच साडभाऊंनी मला फोन केला: “मले काढा, साडभाऊ. या टायमाले खरंच काढा.”

मी काढलं. लिंकही पाठवली नाही. दिवाळीनंतरचे ते दिवस फार वाईट गेले. फोनही येईना. शेवटी मीच न राहवून लिंक पाठवली. ते आत आले, नाव नाही, फोटो नाही, आणि एक अक्षर लिहिलं नाही. लोकांनी कुत्र्याचे पंजे टाकले, मांजरं टाकली, एकाने तर पोत्याच्या सावलीला बिबट म्हटलं. त्या नंबराने सगळं वाचलं आणि गप्प राहिला. मला दोन गप्प माणसांचा ग्रुप चालायचा. हा तिसरा मात्र सोसवेना.

इकडे शंका काढणारा गेल्यावर वाघांची संख्या भलतीच वाढली. रोज वाघ, प्रत्येक शिवारात वाघ. वेचणी बंद, बायांची मजुरी बंद. एक दिवस भीमाबाईच, गळ्यात हात अडकवलेला, साडभाऊंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “शंका नका सांगू. जाऊन पाहा आन दाखवा.”

तेव्हापासून ते उजाडताच डबा वाजवत पांदणीने निघतात. सोबतीला काठी आणि गडी. जिथे ठसा सापडेल तिथे बाजूला काडीपेटी ठेवायची, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. खाली शब्द नाही. काडीपेटीपेक्षा ठसा केवढा ते ज्याने त्याने पाहावं. हळूहळू बाया सकाळी ऑटोत बसायच्या आधी एकमेकींना विचारू लागल्या, “काडीपेटी आली काय?” ती आल्याशिवाय ऑटो हलत नाही.

परवा माजी सरपंचांनी ग्रुपवर विचारलं, हा बिननावाचा नंबर कोणाचा? जुना बंदीवाला तर नव्हे? ॲडमिनने तपास करावा आणि असेल तर लगेच काढावं. सगळे माझ्याकडे पाहत होते. म्हणजे मोबाईलवर जसं पाहता येतं तसं. मी चष्मा पुसला आणि लिहिलं: “नंबर माझ्या साडूंचा आहे. लिंक प्रत्येक वेळी मीच दिली, रफिकभाईंनी नाही. त्यांच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. काढायचं असेल तर आधी मला काढा.” आणि रफिकभाईंना पुन्हा ॲडमिन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काडीपेटी आली. खाली सरपंचांचं उत्तर: “नाल्याच्या अलीकडचाही टाका.”

दुपारी साडभाऊंचा फोन आला. पाऊसपाणी झालं, बैलांची खुशाली झाली. मग म्हणाले, “एक शंका हाय, साडभाऊ.” किती दिवसांनी ऐकलं ते! मी म्हटलं, विचारा. म्हणाले, “इतके दिवस तुमी गप्प काहून होते?”

मी चष्मा काढून पुसू लागलो. पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती. मग तेच म्हणाले, “बरं, राहू द्या. जेवाले या एखांद्या दिवशी.” एखादी शंका उत्तर न घेता सोडून द्यायची त्यांची ती पहिलीच वेळ.