वरणातला केक

जयवंताबाईनं आयुष्यात पहिल्यांदा केक खाल्ला तो चिखलदऱ्याला, एका साहेबाच्या बंगल्याच्या मागल्या दारी. उन्हाळा लागला की वऱ्हाडातले गोरे साहेब डोंगरावर पळायचे, आणि त्यांच्यामागं भाजीच्या गाड्या. तिचं माहेर परतवाड्याचं. भावाच्या गाडीतून ती भाजी द्यायला गेली, तेव्हा खानसाम्यानं केकचा एक मोडका कोपरा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो डोळे मिटून खाल्ला आणि मग विचारलं, "यात काय घातलं, दादा?"

"मैदा, शक्कर, मख्खन. और अंडे."

अंडे! सासरी अकोल्याच्या जुन्या शहरात सगळं घर माळकरी.

"खाऊन झाल्यावर सांगून राहिले का?" ती कडाडली. मग इकडंतिकडं पाहत हळूच म्हणाली, "अजून एक तुकडा असन तं द्या. आता बाटलो तं बाटलो."

घरी आल्यावर तिनं बिनअंड्याच्या केकचा ध्यासच घेतला. पहिला केक असा निघाला, की नवऱ्यानं, भगवंतानं, तो दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्यापाशी लावून ठेवला. दुसरा गायीपुढं टाकला. गायीनं हुंगला आणि मान फिरवली.

"गाय शहाणी हाय," सासूबाई पार्वताबाई, तिच्या आत्याबाई, म्हणाल्या. "मी तं त्याले हातबी नाई लावनार."

मग एकदा दही-रव्यात खायचा सोडा टाकून तिनं वरून संत्र्याचा रस पिळला. भांड्यातलं सगळं फसफसून वर आलं! घरात भट्टी नव्हती, पण मळ्यात कणकेचे जाड रोडगे ज्यात भाजत, तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आहार होताच. पितळी डब्यात पळसाची पानं अंथरून तिनं ते मिश्रण ओतलं आणि डबा राखेत पुरला. उघडला तेव्हा केक टम्म फुगलेला, पोटावर पळसपानाच्या शिरा उमटलेल्या, वास अर्धा संत्र्याचा अन् अर्धा धुराचा.

आता तिला हवी होती गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, जागा. भाजीच्या ढिगाशेजारी केकची टोपली. पण गुजरीतला ओटा सासऱ्यांचा, किसनरावांचा.

"माया वांग्याशेजारी साहेबाचं खानं?" ते गरजले. "लोक हासतीन!"

"खातीन, मामाजी!"

"असं? मंग उद्या मळ्यात रोडग्यांचं जेवन हाय. वाढ तुया केक. कोनाच्या पानात काई उरलं नाई, तं बस गुजरीत. एक तुकडा जरी उरला, तं पुन्हा या घरात केकाचं नाव घ्याचं नाई."

दुसऱ्या दिवशी मोर्णा नदीकाठच्या मळ्यात पंगत बसली. किसनरावांचे जुने दोस्त शेषराव पंगतीतले वडील. त्यांनी घास उचलल्याशिवाय कोणी उचलायचा नाही, आणि ते जसं खातील तसंच सगळ्यांनी खायचं. रोडगे झाले, वांग्याची भाजी झाली. मग जयवंतानं केक वाढला.

शेषरावांनी तो दाबून पाहिला. "रोडग्याच्याच राखेतून निघाला नं हा?"

"हो जी."

"मंग रोडगाच हाय. गोड रोडगा!" आणि त्यांनी तो चांगला मुठीनं कुस्करला, मधोमध आळं केलं आणि हाक मारली, "वरन आना इकडं!"

"मामा, थे वरनासंगं नाई खात!"

"मंग कायसंगं खातात?"

"साहेब लोक चहासंगं खातात."

"साहेबाले वरन भेटत नसन बिचाऱ्याले," शेषराव कळवळून म्हणाले आणि वरणावर तूप ओतून घेतलं. पाहता पाहता अख्खी पंगत केक कुस्करू लागली. जयवंताला रडू कोसळायच्या बेतात होतं. तेवढ्यात पंगतीच्या टोकाकडून आवाज आला, "आंबट-गोड लागते बाप्पा! अजून वाढा!" भगवंत हसून हसून लोळायला आला.

पानं साफ झाली. फक्त एका पानात केकचा तुकडा होता तसाच राहिला. किसनराव मिशीत हसत उठले. "हे पाह्य, सूनबाई. उरला."

"तुमीच उरवला नं!"

"कोनाच्या पानात म्हनलं होतं. मी कोनी नाई का?" आणि ते हात धुवून शेषरावांना साक्षीला बोलावून आणायला गेले.

परत आले तेव्हा बायांची पंगत बसली होती. किसनरावांच्या उष्ट्या पानावर, लग्नापासून रोज बसायच्या तशाच, पार्वताबाई बसल्या होत्या. पान लख्ख.

"तुकडा कुठं गेला?"

"कोनता तुकडा?" तोंड भरलं असल्यामुळं शब्द जरा उशिरा आले. "मालकाच्या पानात राह्यलं थे मायं. आजच काऊन इचारता?"

"तू तं हातबी लावनार नव्हती!"

"थे केकाले. मी पानातलं संपोलं." मग सुनेकडं न पाहता त्या पुटपुटल्या, "वरन कमी पडलं वं."

शेषराव इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पुढं कितीतरी वर्षं जयवंताबाई गुजरीत बसली. कचेरीतले कारकून केक चहात बुडवून खात, दर्यापूरकडचे गाडीवान घट्ट दह्यासोबत, शाळेची पोरं वर संत्र्याची फोड ठेवून. आणि शेजारी वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन पार्वताबाई बसत. गिऱ्हाइकाला न विचारताच ओतत.

पहिल्याच आठवड्यात किसनराव आले. ढिगातली वांगी उगीच खालीवर केली. घरात केकची चव न घेतलेले तेवढे एकटेच उरले होते.

"दे एक. कोरडाच दे."

जयवंतानं सगळ्यात मोठा तुकडा काढून पळसाच्या पानावर ठेवला.

"घ्या, मामाजी. पन उरवू नका बरं. आत्याबाई इथंच बसल्या हायेत."